स्वप्नातला रस्ता रुंद करताना

परदेशी गाडीची ताकद वाढवायची असेल, तर आधी तिच्या स्वप्नातला रस्ता रुंद करून घ्यावा लागतो.

हेमलता चौगुले यांना हे ठाऊक नव्हतं. त्या साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झाल्या होत्या आणि सगळी नोकरी त्यांनी एका लहानशा मोपेडवर केली होती. कोल्हापुरातलं येणारं-जाणारं प्रत्येक वाहन त्यांना मागं टाकून गेलं होतं. उताराला एकदा उसाची बैलगाडीसुद्धा. निवृत्तीनंतर त्यांनी एक जुनी, बुटकी, निळी, टर्बोवाली परदेशी स्पोर्ट्स कार घेतली आणि ती अल्ताफ मुजावरच्या गॅरेजात आणून उभी केली.

"आहे तशीच चांगली पळतीय की, ताई," अल्ताफ म्हणाला. "अजून कशाला?"

"वेगानं पाठ सीटला चिकटते म्हणतात. मला ते एकदा अनुभवायचंय."

अल्ताफला हे कारण पुरेसं वाटलं. त्यानं बॉनेट उघडलं. "टर्बो म्हणजे फुंकणी बघा. जादा फुंकलं की जाळ जादा. म्हणून आधी थांबायची सोय, मग थंड राहायची सोय, मग रस्ता, आणि सगळ्यात शेवटी फुंकर."

"रस्ता कुठला?"

"हिच्या स्वप्नातला. हिच्या देशात रात्र असती तेव्हा ही झोपती, म्हणजे आपल्या सकाळी. ताकद वाढवली आणि आतला रस्ता अरुंदच राहिला, तर झोपेतच वळणावरनं खाली जाती. मग चावी फिरवा नाहीतर नारळ फोडा, उठत नाही."

"असं झालंय कुणाचं?"

"एका डॉक्टरांची लाल गाडी हाय. अजून झोपलीय. थंडीत तिच्यावर चादर घालत्यात."

हेमलताबाईंनी मान हलवली. सुरक्षिततेच्या बाबतीत त्यांनी नोकरीतही कधी तडजोड केली नव्हती.

ब्रेक बदलून झाले. इंजिनात जाणारी हवा थंड करणारी मोठी जाळी बसली. मग एका सकाळी, गाडी गाढ झोपेत असताना, अल्ताफनं अलगद दार उघडलं. आत मालकानंच जायचं असतं. परक्याला गाडी घेत नाही. हेमलताबाईंनी चपला बाहेर काढल्या, सीटवर बसून स्टिअरिंगवर हात ठेवले, आणि काचेपलीकडची गॅरेजची भिंत हळूहळू विरघळत गेली.

समोर समुद्र होता, दुधात निळीचा थेंब पडावा तशा रंगाचा. त्याच्या कडेकडेनं एक रस्ता जात होता, इतका अरुंद की दोन शेळ्या समोरासमोर आल्या तर एकीनं माघार घ्यावी. वळणावर एक पांढरं घर रस्त्यात आलं होतं. दारात खुर्ची टाकून एक म्हातारा बसला होता. तो मराठीच बोलला. स्वप्नात भाषेची अडचण येत नाही.

"रुंदीकरण का?" त्यानं विचारलं.

"हो. आपलं घर मध्ये येतंय."

"येणारच. वळण माझ्यासाठीच ठेवलंय तिनं. कारखान्यातून बाहेर पडली तेव्हा पहिल्यांदा मी चालवली हिला. एकच चक्कर. मग मला दुसऱ्या गाडीवर घातलं. ही मात्र रोज रात्री इथपर्यंत येते, वेग कमी करते, बघते आणि जाते."

अल्ताफनं सांगितलेल्या नियमानं जागेच्या बदल्यात जागा द्यायची होती, आणि हेमलताबाईंकडं देण्यासारखं एकच स्वप्न होतं.

"माझ्याकडं परीक्षेचं स्वप्न आहे," त्या संकोचून म्हणाल्या. "मोठा हॉल. पेपर समोर असतो आणि पेनातून शाई उतरत नाही. फार वर्षं चाललंय. राहण्यासारखं नाही ते."

"खिडकी आहे?"

"आहे. बाहेर काही नाही."

"मग समुद्र मी घेऊन येतो. पर्यवेक्षकाची खुर्ची रिकामी आहे का?"

"तिथं कुणी बसलेलं कधी पाहिलं नाही."

"चालेल," म्हातारा म्हणाला आणि उठला. त्याच्यामागं घर उठलं, बाकावर कुणाला जागा करून द्यायला माणूस उठतो तसं. समुद्रानं आपली कड गोळा केली. रस्त्यानं दोन्ही अंगांनी आळस दिला आणि तो ऐसपैस झाला.

हेमलताबाई बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या पायांना बारीक वाळू लागली होती. म्हाताऱ्याची हकीकत ऐकत अल्ताफनं ती फडक्यानं पुसून दिली आणि टर्बोच्या कामाला लागला.

गाडी तयार झाल्यावर दोघं दुपारी गगनबावड्याच्या वाटेला लागले. सरळ रस्ता मिळाला तसा हेमलताबाईंनी पाय दाबला. गाडीनं एक लांब श्वास आत ओढला आणि त्यांची पाठ सीटला चिकटली. झाडं वितळून हिरवी रेघ झाली. हेमलताबाई हसायला लागल्या. मोपेडवरची सगळी वर्षं त्या हसण्यात मागं मागं जात राहिली.

घाटाच्या तोंडाशी, धुक्यात, एका वळणावर गाडी आपणहून थांबली. इंजिन चालू होतं, पण चाक हलेना. हेमलताबाईंचं हसू मावळलं.

"काही चुकलं का आपलं?"

अल्ताफनं उतरून बॉनेटला कान लावला, बराच वेळ. "बिघाड न्हाई, ताई. वळण आलं आणि तिथं कुणी दिसलं न्हाई. ती म्हाताऱ्याला शोधतीय."

"पण तो आता माझ्या स्वप्नात असतो."

"मग तुम्हीच झोपा थोडं. जागं असंल त्यानं झोपलेल्याच्या स्वप्नात जायचं असतंय. त्या दिवशी तुम्ही गेलात, आज हिची पाळी."

हेमलताबाईंनी सीट मागं केली, गाडीच्या पत्र्यावर एकदा हात फिरवला आणि डोळे मिटले. थोड्या वेळानं इंजिन आपसूक बंद झालं. बंद काचांमधून खाऱ्या वाऱ्याचा वास यायला लागला.

अल्ताफ पलीकडच्या टपरीवर गेला. चहावाल्यानं दोन पेले भरले आणि गाडीकडं पाहिलं.

"बाई झोपल्यात व्हय?"

"व्हय. गाडी आत गेलीय, भेटायला."

"कोण पाव्हणं?"

"तिच्या ओळखीचं."

"मग वेळ लागंल," चहावाला म्हणाला, आणि एका पेल्यावर त्यानं बशी झाकून ठेवली.