हमीदा मॅडमचा निळा

हमीदा मॅडमना चहा द्यायचा तर आधी रिकामा कप द्यावा लागतो. त्या तो उलटा करून बूड बघतात, नखाने टिचकी मारून कानाशी धरतात, आणि समाधान झालं की परत देतात. मग चहा. ही पद्धत ठाऊक नसलेल्या घरात भरलेला कप समोर आला, की मॅडम उकळता चहा घटाघट संपवतात आणि डोळ्यांत पाणी आलेलं असतानाच कप उलटा करून घरच्या बाईंना विचारतात, "हा कुठून घेतला जी?"

माझ्या धाकट्या बहिणीला बघायला वर्ध्याची मंडळी आली होती. मॅडम शेजारी म्हणून हजर. आमच्याकडे एका बशीचा टवका उडालेला होता, ती आम्ही मुद्दाम घरच्यासारख्या मॅडमना दिली. मॅडमनी सर्वांदेखत तो फुटका काठ जिभेला लावला.

"जीभ चिकटली," मॅडम म्हणाल्या. "कच्ची भाजली आहे. वरून लय चमकून राह्यली, पण आतून पाणी पिते."

मुलाच्या आईने बहिणीकडे अशा नजरेने पाहिलं, की आईला घाईघाईने सांगावं लागलं, "बशीबद्दल बोलून राह्यल्या त्या!" लग्न ठरलं. पण त्या बाई अजूनही मॅडम दिसल्या की हातातली बशी पदराआड घेतात.

मॅडम आमच्या चंद्रपूरच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायच्या, मी वनस्पतीशास्त्र. आता त्या रिटायर झाल्यात. जटपुरा गेटच्या आत त्यांच्या वडलांचं कपबश्या आणि बरण्यांचं दुकान होतं. आता भाऊ चालवतो आणि बहिणीला दुकानात फार वेळ थांबू देत नाही, कारण ती गिऱ्हाइकाला खरं सांगते. "चकाकी पाहू नको, पोट पाह्य," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. चकाकी म्हणजे वरचा काचेचा लेप, पोट म्हणजे आतली भाजलेली माती. पण वांगी घेताना, जावई पारखताना, नवे प्राचार्य आले तेव्हा, सगळीकडे मॅडम हेच वाक्य वापरतात. प्राचार्यांच्या बाबतीत ते जरा मोठ्याने म्हटलं गेलं.

हे सगळं खूळ एका निळ्या रंगापायी. वरोऱ्याच्या पलीकडे तळ्याकाठी मासेमारी करणाऱ्या ढिवरांचं एक छोटं गाव आहे. तळ्याच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, एका पीरबाबांचा जुना मकबरा आहे. गावात मुसलमान घरं मोजकी, पण उरूस सगळ्या गावाचा. मॅडम मला पहिल्यांदा तिथे घेऊन गेल्या तेव्हा मी कुरकुरतच गेले होते. काळवंडलेला चुना, पडकी कमान, त्यात काय बघायचं? मग मॅडमनी ओल्या फडक्याने घुमटाखालची एक पट्टी पुसली, आणि धुळीतून निळा बाहेर आला. मी रोज फुलांचे रंग शिकवते. हा कुठल्या फुलाचा नव्हता. उन्हाळ्यात दुपारी डोहात डोकावून पाहिल्यावर अगदी तळाशी जो हलतो, तसा काहीसा. शेकडो पावसाळे खाऊन तो काल ओतल्यासारखा ओला दिसत होता. मॅडम माझ्याकडे बघत होत्या, आपलं लेकरू दाखवल्यासारख्या.

"तांबं आहे त्यात," त्या हळूच म्हणाल्या. "नुसतं तांबं, गारगोटी आणि खार. पण कसं केलं असन, सांग बरं?"

बाहेरून कोणी अभ्यासक येऊन गेले होते. वर नजर टाकून ते म्हणाले होते, ह्या फरशा दूरदेशाहून आलेल्या, इथल्या जंगलात असलं कोण बनवणार? ते वाक्य मॅडमच्या जिव्हारी लागलं.

"इथी काऊन नाई बनणार? आपल्याकडे माती नाई का, गारगोटी नाई का? माणसं नाई का?"

तेव्हापासून त्यांनी चंद्रपूर-गडचिरोली दोन्ही जिल्ह्यांतली माती गोळा करायला सुरुवात केली. वैनगंगेची, भद्रावतीची, कुठल्या कुठल्या नाल्याची. एसटीत पिशव्या घेऊन चढल्या की कंडक्टर हैराण. "बाई, चंद्रपुरात माती नाई का, जे गडचिरोलीहून घेऊन राह्यले?" सूरजागडच्या लोखंडाच्या खाणींच्या बाजूने लाल माती आणताना नाक्यावर एका पोलिसाने पिशवी उघडून दरडावलं, "यात लोखंड आहे का?" मॅडमना इतका जाणकार माणूस बऱ्याच दिवसांनी भेटला होता. "आहे ना!" त्या हरखून म्हणाल्या. "भरपूर आहे!" संध्याकाळपर्यंत त्यांना तिथेच बसवून ठेवलं होतं.

घरात त्या एकट्या. परसात विजेची भट्टी. ती लागली की गल्लीतले पंखे मंदावायचे, आणि बाया पदराने वारा घेत म्हणायच्या, "मॅडमनं चढवलं वाटते." तांब्याची पूड, दळलेली गारगोटी आणि क्षार. त्या क्षारासाठी गल्लीभर राखेची मागणी. केळीच्या खुंटाची, आघाड्याची, तिळाच्या काड्यांची. आघाडा मी ओळखून द्यायचे, तेवढाच माझा हातभार. राख पाण्यात भिजवायची, गाळायची, आटवायची, लेप द्यायचा, भाजायचं. आणि बाहेर निघायचा तो हिरवा. शेवाळासारखा, फोड आलेला हिरवा. भट्टी त्या पहाटे एकट्याच उघडायच्या. आम्हाला फक्त भिंतीशी फरशी टाकल्याचा आवाज यायचा.

तळ्याकाठच्या गावाला मात्र मॅडम म्हणजे देवमाणूस. तिथली सोनाबाई ढिवरीण मॅडमची खास. उन्हाळ्यात तळं आटलं की जाळ्यात माशांबरोबर फरशांचे तुकडे यायचे, ते ती डालग्याखाली जपून ठेवायची. "घ्या बाई, तुमचे मासे," म्हणत ओतायची. त्यात निळे तुकडे असायचे, आणि काही भलतेच, लाल मातीचे, मळकट हिरव्या बुडबुड्यांचे. ते मॅडम बाजूला सारायच्या. "हे कोणाच्या परसातलं भांडं असन."

मॅडमचं ऐकून ऐकून गावाला खात्री पटली, की बाबांचा निळा आपल्याच मातीतला. सरपंचांनी उरुसासाठी रंगवलेली पाटीच लावली: 'आमच्या मातीचा निळा'. मॅडमच्या एका जुन्या विद्यार्थ्याची मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेत ओळख होती. निळ्या तुकड्यांबरोबर आपल्याकडच्या सगळ्या मातीचे, गारगोट्यांचे नमुने मॅडमनी त्याच्याकडे पाठवले. हिरव्या तुकड्यांबद्दल ऐकून त्याने विचारलं, ते नको का तपासायला? मॅडम म्हणाल्या, बरं, तेही धाडते.

उरुसाच्या आदल्या दिवशी त्याचा फोन आला. मी तिथेच बसले होते. मॅडम बराच वेळ नुसतं "हो, हो" म्हणत राहिल्या. मग फोन ठेवून मला म्हणाल्या, "सुनंदा, वाळवंटात खारट जमिनीवर एक झुडूप येते. त्याच्या राखेचा खार आहे निळ्यात. ते झुडूप आपल्याकडे होते का?"

त्यांना उत्तर ठाऊक होतं. तरी माझ्या तोंडून ऐकायचं होतं.

"नाही होत, मॅडम."

"नाई ना. गारगोटीपण जुळत नाई म्हणते. आपल्या एकाही नदीची नाई." त्या उठल्या, ओट्यावरचे मातीचे डबे नीट लावले आणि म्हणाल्या, "उद्या लवकर निघू."

"उद्या कशाला सांगता? उरूस होऊ द्या. गावाला काय कळतं?"

"मले तर कळते ना," मॅडम म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी पाळीवर सगळं गाव जमलं होतं. सरपंचांनी मॅडमना हार घातला. मॅडमनी तो काढून हातात धरला. "मी तुम्हाले इतके दिवस जे सांगितलं, ते चुकलं," त्या म्हणाल्या. "बाबांच्या फरशा आपल्या मातीच्या नाईत. दुरून आल्या आहेत. ज्यानं आधी सांगितलं त्याचं बरोबर होतं."

सरपंच पाटीकडे बघायला लागले. मागून एक जण चिडून म्हणाला, "मंग आमाले कायले नाचवलं जी?" मॅडमचा चेहरा उतरला. मला वाटलं, आता हात धरून त्यांना गाडीत बसवावं.

तेवढ्यात सोनाबाई पुढे आली. तिला ना राग आला होता ना वाईट वाटलं होतं. ती घुमटाकडे मान वर करून बघत होती.

"इतक्या दुरून आल्या? अन् वाटेत फुटल्या नाई?"

"नाई ना!" मॅडम एकदम म्हणाल्या. "पाह्य न सोनाबाई, बैलांवर लादल्या असन, गवतात गुंडाळून. नद्या ओलांडून, ह्या जंगलातून. तेव्हा कुठी पूल, कुठी रस्ता!" आणि मॅडम सांगतच राहिल्या. वाळवंटातलं झुडूप, त्याची राख, ती वितळून काच होते ते, तांबं विरघळून निळं होते ते. चिडलेला माणूसही जवळ येऊन बसला. आपल्याच हरण्याची गोष्ट कोणी इतक्या आनंदाने सांगताना मी पाहिलं नव्हतं. मी तिथल्या लोकांकडे पाहिलं, तर सगळ्यांच्या माना वर, घुमटाकडे.

घरी आल्यावर मात्र भट्टी बंद राहिली. गल्लीतले पंखे जोरात फिरत होते आणि कोणालाच ते बरं वाटत नव्हतं.

काही आठवड्यांनी, एका संध्याकाळी, मॅडमनी मला भिंतीवरून हाक मारली. मी गेले तेव्हा त्या भट्टीजवळ पाटावर बसल्या होत्या. भट्टी तापलेली होती. मांडीवर ओढणीत एक तुकडा होता, तळ्यातला, तो मळकट हिरवा.

"त्या प्रयोगशाळेवाल्या पोराचा फोन आला होता. हा आपला आहे," त्या म्हणाल्या. "माती त्याच तळ्याची. खार आपल्या झाडांच्या राखेचा. तांबं टाकलं आहे. आणि काठ पाह्य."

मी पाहिलं. काठ तिरपे घासलेले होते, घुमटाखालच्या निळ्या फरशांच्या मापाने.

"वरची एखादी फरशी पडली असन. कोणीतरी तशी बनवायले गेला. नाई जमला निळा. भिंगाखाली थरावर थर दिसून राह्यले म्हणते पोरगा. म्हणजे ह्यानं तीच फरशी पुन्हा लेप देऊन भाजली, पुन्हा भाजली. मंग तळ्यात टाकली." त्यांनी फोड आलेल्या हिरव्यावरून अंगठा फिरवला. "आणि मी हिले बाजूले सारत होती."

मॅडमचा आवाज मी इतका बारीक कधी ऐकला नव्हता.

"मले वाटे सुनंदा, ह्या मुलखात मी एकटीच अशी आहो." त्या थांबल्या. "त्याच्या घरी त्याले कोणी विचारत असन का, आज कसा निघाला रंग म्हणून?"

इतकी वर्षं मी भिंतीपलीकडे राहते. आघाडा ओळखून देते, मंदावलेल्या पंख्याखाली बसून हसते. मी भट्टीकडे पाहिलं.

"आत काय आहे आता, मॅडम?"

त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं, जरा वेळ पाहतच राहिल्या.

"निवू दे," त्या म्हणाल्या. "पहाटे ये. सोबत उघडू."