डोंगर बघायला निघालेली पिशवी

टक्. सासूबाईंनी चष्म्याची डबी मिटली. डोळ्यांच्या डॉक्टरांकडून आम्ही नुकतेच आलो होतो. "काय बघायचं ते लवकर बघून घ्या," असं ते म्हणाले होते.

"मग ते तळं दाखव मला," सासूबाई म्हणाल्या. "लग्नानंतर एकदाच गेलो होतो. पाण्यात डोंगर उलटे दिसतात."

"रविवारी गाडी करतो," नवरा म्हणाला.

"गाडी कशाला?" मी म्हणाले. "दोन बस, एक लाँच. कॉलेजात असताना तो अख्खा परिसर बसनं पालथा घातलाय मी."

रविवारी नवऱ्याला घरी ठेवून सासूबाई, लेक आणि मी निघालो. पहिली बस झकास. दुसरीच्या स्टँडवर मात्र गर्दी अशी, की मुंगीनंही पोट आत घेऊन उभं राहावं. बस लागली. आता जागा कशी धरायची हे मला कुणी शिकवू नये. सासूबाईंच्या हातातली पिशवी घेतली, खिडकीतून नेम धरून सीटवर टाकली आणि दाराकडे धावले. दार उघडेना. बस हलली आणि गेलीसुद्धा.

"ती धुवायला नेली," चौकशीच्या खिडकीतला माणूस म्हणाला. "पाटी वाचत नाही का तुम्ही?"

"माझा चष्मा होता गं त्यात," सासूबाई शांतपणे म्हणाल्या. "धक्क्यानं पडेल म्हणून काढून ठेवला. जाऊ दे, पिशवीनं तरी जागा मिळवली."

कडेवर लेक, हाताला सासूबाई, अशी आमची वरात डेपोच्या मागे पोचली. बसमध्ये पाइप सोडला होता. पिशवी दांडीला लटकून निथळत होती.

"खिडकीतून कशाला टाकली, ताई?" धुणाऱ्यानं विचारलं.

"जागा धरायला."

"मग धरलीये की. बस उद्या सकाळी सुटेल."

डबीतला चष्मा मात्र धडधाकट निघाला. सासूबाईंनी तो पदरानं पुसून डोळ्यांवर चढवला आणि मला हायसं वाटलं. पुढची बस मिळाली, शेवटची लाँचही मिळाली. भांडून त्यांना अगदी पुढची जागा मिळवून दिली.

समोर पलीकडच्या गावाला चाललेल्या सिमेंटच्या गोण्या होत्या, त्यांवर हिरवी ताडपत्री. डोंगर होते उजवीकडे, पाण्यात उलटे. सासूबाईंना तिकडे वळवणार, तोच त्यांनी माझा हात दाबला.

"तसेच आहेत गं. हिरवेगार." त्या ताडपत्रीकडे डोळे भरून बघत होत्या. "तो मधला उंच दिसतोय ना? तुझे सासरे म्हणाले होते, एकदा चढू यावर. राहूनच गेलं."

वाऱ्यानं ताडपत्री हलली.

"बघ, ढगाची सावली सरकली."

"हो," मी म्हणाले.

लेक मांडीवर उभी राहिली. तिनं आजीच्या चष्म्याकडे पाहिलं, गोण्यांकडे पाहिलं, मग मान वळवून डोंगरांकडे. माझ्या कानाला तोंड लावून म्हणाली,

"आई, आजीचा चष्मा सापडला ना? मग ती गोण्यांकडे का बघतेय?"