ओव्हाळभाऊंचं कार्ड

हॉटेलात बिल आलं आणि कुणाचा हात खिशाकडे गेला, की ओव्हाळभाऊ शाळामास्तरासारखे ओरडायचे, "हात खाली!" मग त्यांच्या शर्टाच्या खिशातून रुमालात गुंडाळलेलं क्रेडिट कार्ड निघायचं. रुमालाच्या घड्या ते सावकाश उलगडायचे. तोवर गल्ल्यावरचा माणूस ताटकळत उभा.

टाकव्याच्या कारखान्यात भाऊ स्टोअर सांभाळायचे, मी शेजारी पॅकिंगला. भाऊ राहायला बेगडेवाडीत, एकटेच. बायको जाऊन चार वर्षं झालेली, मुलगी लग्न होऊन कामशेतला. कुणाला मोबाईल हवा, कुणाला मिक्सर, कुणाच्या पोराला सायकल, भाऊंचं उत्तर तयार असायचं. "माज्या कार्डावर घे की. तू मला म्हयन्याला दे, मी ब्यांकेला देतो." निम्म्या कारखान्याने त्यांच्या कार्डावर संसार थाटला होता. हप्ता द्यायला माणसं रविवारी त्यांच्या घरी जायची, आणि चहा-पोहे खाल्ल्याशिवाय भाऊ कुणाला सोडत नसत.

पुढे माणसं हप्ते विसरू लागली. भाऊंनी मात्र बँकेला कधी चुकवलं नाही. महिन्याच्या बिलावर दोन आकडे असतात, एक पूर्ण रकमेचा आणि एक कमीत कमी भरायचा, त्यातला लहान आकडा ते नेमाने भरायचे. "एकबी म्हयना चुकलो न्हाई," असं छाती काढून सांगायचे. आमच्या भिशीत महिन्याचे पैसे टाकले की माणूस मोकळा. बँकही तशीच, अशी त्यांची पक्की समजूत. उरलेल्या रकमेवर व्याज चढत गेलं. ते फेडायला दुसरं कार्ड आलं, दुसऱ्यासाठी तिसरं.

मग वसुलीवाल्यांचे फोन सुरू झाले. भाऊ त्यांनाही आधी "जेवलात का?" विचारायचे. आम्ही पोट धरून हसायचो. पण एक दिवस फोन थेट मुलीच्या सासरी गेला. त्या दिवशी स्टोअरमधल्या खोक्यावर बसून भाऊ म्हणाले, "सुनील, पोरीला सासू इचारती, तुजा बाप चोर हाय का? मला काय बी करा म्हनावं, पर तितं फोन नगं."

मी त्यांना चांगलं झापलं. अंथरूण पाहून पाय पसरावेत वगैरे सगळं ऐकवलं. उपदेश करायला मला फार आवडतं. भाऊ मान खाली घालून ऐकत राहिले. दुसऱ्या दिवशी रजा टाकून आम्ही लोणावळ्याला बँकेत गेलो.

तिथल्या बाई भल्या होत्या. सगळी थकबाकी हप्त्यांत बांधून देते म्हणाल्या, आणि सही झाली की मुलीकडचे फोनही बंद. "फक्त यातला एखादा खर्च तुमचा नसेल तर आत्ताच सांगा, नंतर काही चालणार नाही." आणि त्या एकेक नोंद वाचू लागल्या. मिक्सर. दोन मोबाईल. सायकल.

"हे सगळं तुमचंच?"

"व्हय. माजंच."

"वॉशिंग मशीन, बारा हप्ते?"

ते मशीन माझ्या घरात होतं. पाच हप्ते दिल्यावर पोरगं आजारी पडलं, मी थांबलो, आणि मग राहूनच गेलं. खरं सांगायचं तर, मी ते राहू दिलं.

"ते बी माजंच," भाऊ म्हणाले. माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

मी तेव्हाच तोंड उघडायला हवं होतं. मी पंख्याकडे बघत बसलो आणि भाऊंनी सही केली.

स्टेशनच्या बाकावर बसल्यावर मला राहवेना. आयुष्यात इतकी लाज कधी वाटली नव्हती. म्हटलं, "भाऊ, माझे सात हप्ते राहिलेत. मागितले का नाहीत?"

"दोन येळा तुज्या दारापत्तुर आलतो." भाऊ रुळांकडे बघत होते. "पर ज्याला ज्याला मागितलं, त्यो रविवारचा यायचा बंद झाला. नंतर कंपनीतबी तोंड चुकवाया लागला. तू बी तसाच गेला असतास, तर मी कुनाशी बोललो असतो रं?"