चांद्याचं वऱ्हाड

वडिवळ्याच्या महिपतीनं जन्मात अक्कल एकदाच गहाण टाकली, तीही वळूपायी. (एरवी ती घरातच कुठंतरी असायची, वेळेवर सापडायची नाही एवढंच.)

वळूचं नाव चांद्या. काळाभोर अंग आणि कपाळावर पांढरा चांद. असा वळू उभ्या मावळात नाही, असं महिपती म्हणायचा आणि शेजारचा अंबाजी सोडून सगळे माना डोलवायचे. अंबाजी एकदा चावडीवर म्हणाला होता, "वळू झ्याक हाय, पर मालकावानी आळशी." झालं! तेव्हापासून बोलणं बंद. अंबाजीच्या गायीला चांद्या मिळणार नाही, अशी महिपतीनं देवापुढं शपथच घेतली.

अशात गुरांच्या सरकारी डॉक्टरांची नजर चांद्यावर पडली. "याला केंद्रावर आणा," ते म्हणाले. "याचं बीज बर्फात ठेवू आणि नळीनं गावोगावच्या गायींना देऊ."

आता एवढ्या गायींशी नातं जुळायचं म्हणजे सोयरीकच की! महिपतीनं चांद्याला न्हाऊ घातलं, शिंगं रंगवली, कपाळाला बाशिंग बांधलं. हलगी सांगितली.

"अवं, लगीन न्हाई त्ये!" बायको नंदाबाई कपाळाला हात लावून म्हणाली.

"मग काय चोरावानी जायाचं? चांद्याच्या अब्रूचा सवाल हाय!"

वऱ्हाड वाजतगाजत निघालं. अंबाजी कुंपणाआडून बघतोय हे दिसल्यावर महिपतीनं हलगी तिथंच थांबवून आणखी जोरात वाजवायला लावली.

केंद्रावर पोचताच त्यानं डॉक्टरांच्या हाती नारळ ठेवला. "नवरी कुटं हाय?"

डॉक्टरांनी बोट दाखवलं. लाकडाची एक घोडी, वरून गायीचं कातडं.

"ही?" महिपती दोन पावलं मागं सरला. वऱ्हाडातल्या हनुमंतआबांनी मात्र आजवर एकाही मुलीला नाव ठेवलं नव्हतं. ते खाकरून म्हणाले, "अंगानं मजबूत हाय."

डॉक्टरांनी हसू दाबत सगळं समजावलं. "आणि देण्याआधी एक नीट ऐका. बीज कुठल्या गायीला जाणार हे तुम्ही ठरवायचं नाही, आम्ही सांगणार नाही. वासरावर तुमचा हक्क नाही."

"चालंल. फकस्त अंबाजीची गाय सोडून."

"तसं चालणार नाही. पटत नसेल तर वळू परत न्या."

परत? हलगी लावून आलेला नवरदेव तसाच परत गेला, तर अंबाजी पिढ्यान्‌पिढ्या हसेल. महिपतीनं चांद्याचं बाशिंग सारखं केलं. "करा काय करायचं त्ये."

पण चांद्या काही करेना! त्यानं नवरीकडं बघितलं, महिपतीकडं बघितलं आणि निवांत रवंथ सुरू केला. महिपतीनं त्याची पाठ खाजवली, गूळ चारला. "जा की राजा, लाजतुयास काय?" राजा ढिम्म. गावात काय तोंड दाखवायचं, या विचारानं महिपतीला दरदरून घाम फुटला.

शेवटी डॉक्टर म्हणाले, "तुम्ही जरा बाहेर थांबता का?"

"मी? अवं, मी त्याला बापाच्या जागी!"

"म्हणूनच."

महिपती बाहेर गेला. त्याची बिडी पेटायच्या आत डॉक्टर हसत दारात आले.

पुढल्या साली एका सकाळी अंबाजी कुंपण ओलांडून थेट ओसरीवर आला. हातात तांब्या. "घ्या व्याही, चिकाचं दूध. आमची गाय व्याली."

महिपती ताडकन उठला तो चार खरमरीत शब्द सुनावायलाच. पण अंबाजीच्या गोठ्यात जाऊन बघतो तर इवलासा गोऱ्हा, काळाभोर आणि कपाळावर चांद! महिपतीचा राग कुठल्या कुठं पळाला. त्यानं गोऱ्ह्याला मिठीच मारली. "नातू माजा!" तो म्हणाला आणि डोळे पुसायला लागला.

"मग आजोबाचं नाव ठिवूया," अंबाजी गंभीरपणे म्हणाला. "महिपती."

केवढा हा मान! महिपतीनं स्वतः कामशेतहून पेढे आणून घरोघर वाटले. अबोला संपला, दोन्ही घरं सुखी झाली.

आता रोज सकाळी कुंपणापलीकडून अंबाजीची हाक येते. "महिपत्या, ऊठ की आळशा!"

गोठ्यातला उठत नाही. ओसरीवरचा उठतो.