वेणूबाई उमेदनीस आणि नाकाखालचे बोट यांची हकीकत

श्री. जे दैवत निजल्या लेकरास उगाच जागे करीत नाही, त्यास आधी नमन करोन हकीकत लिहिली ऐसीजे. शके १७११, सौम्यनाम संवत्सर, माघमास. एक राज्य होते, नाव लिहिण्याची आज्ञा नाही. राज्यात धान्य मुबलक, शत्रू थोडे, परंतु रयतेची तोंडे सदा उतरलेली, म्हणोन महाराजांनी उमेदखाते उभे केले आणि त्यावर हिंमतबुवा नामे वक्ता नेमिला. बुवांनी दर सोमवारी चौकातील चौथऱ्यावर चढोन रयतेस उमेद द्यावी, आणि बुवा दम घ्यावयास थांबले की शेजारच्या नगारचीने टिपरी हाणावी, आणि टिपरी पडली की समस्तांनी टाळ्या वाजवाव्या, ऐसा शिरस्ता. न वाजविणारास दंड नव्हता, परंतु न वाजविणारा कोणी आजवर आढळला नव्हता.

चौकापासोन तिसऱ्या आळीत वेणूबाई राहत. भ्रतार त्रिंबकराव सरहद्दीच्या ठाण्यावर चाकरीस, घरी आठ महिन्यांची कन्या गोदी, तिसरे कोणी नाही. वेणूबाई तर्कशास्त्र शिकलेल्या, सांगितल्या गोष्टीवर चटकन विश्वास ठेवीत नसत, आणि गोदी निजली म्हणजे तिचा श्वास चालतो यावरही विश्वास बसेना. मग नाकाखाली बोट धरावे, ऊब लागली की हायसे वाटावे, आणि शंभर अंक मोजीतोवर पुन्हा शंका यावी, मग पुन्हा बोट. आणि दिवसभर गोदीशीच बोलोन जिव्हेस ऐसे वळण पडले की दारी माळीण आली तीस बोलोन गेल्या, "ताजी ताजी भाजी कुणाची गं, कुणाची?" माळीण म्हणाली, "माझीच की बाई! घेतीस का नुसतीच लाडात येतीस?" त्या दिवशी वेणूबाईंनी गरज नसता दोन जुड्या मेथी घेतली, कारण माळीण बोलत होती.

मग एके सोमवारी मोठ्या माणसांची तोंडे तरी दिसतील म्हणोन गोदीस कडेवर घेऊन चौकात गेल्या. बुवा गर्जत होते, "सूर्य दररोज उगवतो! मग तुम्ही का उगवू नये?" ऐसे म्हणोन बुवा थांबले, आणि टिपरी पडावयाच्या आत वेणूबाईंचे तोंडून निघोन गेले, "सूर्यास तान्हे लेकरू नाही म्हणोन." सारा चौक हसला. टिपरीवाचोन हसला, ऐसे पूर्वी कधी घडले नव्हते. बुवांस अपमान सोसवेना, त्यांनी शाल उचलिली आणि शेजारच्या राज्यात गेले, तेथे दोन नगारे होते.

महाराजांनी वेणूबाईंस हुजूर बोलाविले आणि म्हणाले, "बुवा तुम्ही घालविलेत, आता चौथरा तुम्हीच सांभाळा."

"महाराज, माझा या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही."

"बुवांचा तरी कोठे होता? शिदोपंत, लिहा. आजपासोन बाई उमेदनीस."

शिदोपंत खात्याचे कारकून, प्रत्येक भाषणातून तीन सूत्रे काढोन रयतेस वाटणे हे त्यांचे काम. ते म्हणाले, "बाईसाहेब, चिंता नसावी. काहीही बोला, तीन निघतातच." मग वेणूबाईंनी होकार दिला, आणि तो उमेदीकरिता नव्हे. मनी हेतू एकच, की आपली भीती चारचौघांत बोलावी, आणि इतक्या माणसांत कोणी एकाने तरी म्हणावे, "मजही ऐसेच होते."

सोमवार आला. वेणूबाई चौथऱ्यावर चढल्या आणि म्हणाल्या, "पुढे कसे होईल ते मज ठाऊक नाही." टिपरी पडली, टाळ्या जाहल्या. "लेक निजली की दिवसातून चाळीस वेळा मी तिच्या नाकाखाली बोट धरिते, ऊब लागते, तरी पुन्हा धरिते." टाळ्या. "अहो, टाळ्या नकोत! कोणी बोला तरी. तुम्हांपैकी कोणास ऐसे होते काय?" इतके विचारोन बाई उत्तर ऐकावयास थांबल्या. आणि थांबल्या म्हणोन टिपरी पडली, आणि ऐसा टाळ्यांचा कडकडाट जाहला की कबुतरे उडाली आणि गोदी रडो लागली.

शिदोपंत डोळे पुशीत आले, "धन्य! बोट धरा, ऊब ओळखा, पुन्हा धरा. तीन निघाली!"

"पंत, ती सूत्रे नव्हेत हो. ती माझी भीती आहे."

"चवथे बसत नाही बाईसाहेब, कागद भरला."

मग हुकूम सुटला, की रोज सकाळी समस्तांनी जोडीजोडीने दारी उभे राहोन परस्परांचे नाकाखाली बोट धरावे. दुसरे दिवशी सासू सुनेच्या नाकाखाली बोट धरोन उभी, फौजदार चोराच्या, आणि बारा वर्षे अबोला धरलेल्या जावा एकमेकींच्या. "शिंकू नका हो दिवाणजी!" "अगो, तपकीर ओढलीस काय?" ऐसा गलका आळीआळीतून उठला, आणि तोंडे खुलली, हे खरे. वेणूबाईही बोट पुढे करोन आपल्या दारी उभ्या राहिल्या. शिदोपंत यादी घेऊन आले आणि म्हणाले, "आपण उमेदनीस. आपणांस जोडी लाविली नाही."

"का?"

"आपणांस काय गरज?"

"तुम्हीच धरा की पंत."

"मज घरी जोडी आहे, बाईसाहेब," म्हणोन पंत लवून मुजरा करोन गेले. मग माळीण आली. तिने टोपली उतरविली, खाली मान घालोन मेथीची जुडी उंबऱ्यावर ठेविली आणि हात जोडिले. वेणूबाई म्हणाल्या, "काय गं, बोलत का नाहीस?" माळीण म्हणाली, "मोठ्या माणसांशी आम्ही काय बोलावं?" आणि मागल्या पावली गेली.

वेणूबाईंनी दार लोटिले. दुपारी गोदी निजली, बोट धरिले, ऊब लागली, पुन्हा धरिले, आणि मग थकोन बाई तिच्याच शेजारी डोळे मिटोन पडल्या. किंचित काळाने गोदी जागी जाहली. रडली नाही. रांगत आली, आईचे तोंड चाचपिले, आणि इवले बोट आईचे नाकात घातले. खाली नव्हे, आत, नखासकट. वेणूबाईंचे डोळ्यांस पाणी आले, परंतु बोट काढिले नाही. "आहे गं बाई," म्हणाल्या, "चालू आहे."

ऐसी उमेदनिशी सहा वर्षे चालली. त्या अवधीत राज्यात उमेद वाढली ऐसे दप्तरी लिहिले आहे. वेणूबाईंची वाढली किंवा कसे, हे पुसावयाचे कोणाचे ध्यानी आले नाही. कागद येथे भरला.