क्लॅरी बॉइसची पदके उजव्या छातीवर चढली, ती हकिगत

कसबे वँडूरा, प्रांत क्वीन्सलंड, येथील माजी शिपायांच्या क्लबाचे दफ्तर राखणार आम्ही, गुडघ्याने अधू परंतु लेखणीने धड, अँझॅकच्या पुण्यदिनी, म्हणजे लढाईत पडलेल्या शिपायांच्या स्मरणार्थ संचलन निघते त्या दिवशी, चार पदकांवरून जे घोर युद्ध जाहले ते पाहिले तैसे लिहितो. पूर्वी ग्रीक मुलखी दीडशे जोड्या प्रियकरांची एक पलटण होती, आणि जपानचे सामुराई आपल्या प्रीतीच्या आणाभाका कागदी मांडीत, आणि त्यांचे बखरकार लाजलज्जा सोडोन सारे लिहून गेले. आमचा क्लब सभ्य. येथे दोन शिपाई एका राहुटीत राहिले, आणि मग एका घरी एकेचाळीस वर्षे राहिले, तरी दफ्तरी 'स्नेही' लिहावयाचा शिरस्ता.

तर राजमान्य मर्व्ह टोलहर्स्ट, व्हिएतनामच्या लढाईचे शिपाई, उमर अठ्ठ्याहत्तर, यांचे क्लॅरी बॉइस गतसाली जूनात वारले. वहिवाट ऐसी की, स्वतः कमावलेली पदके डाव्या छातीवर आणि मयत आप्ताची उजव्या. मर्व्ह यांनी दरखास्त गुजरली की, क्लॅरीची पदके उजवीकडे लावून यंदा संचलनात चालू द्यावे, हृदयाचा भरवसा नाही, पुढले साल दिसेलसे वाटत नाही. 'नाते' या रकान्यात भीत भीत 'जोडीदार' लिहिले.

तेणेकरून दरबारी हाहाकार उडाला. अध्यक्ष, सकलसॉसेजभट्टीधुरंधर नेव्हिल ड्रमंडसाहेब, ज्यांनी फौजेत तीन वर्षे कोठारात बसोन मोजे वाटिले, त्यांनी बिअरचा पेला खाली ठेवून फर्मान काढिले की, आमचे फौजेत तसले कोणी नव्हते, आणि जे नव्हते त्यांस आप्त कैचे, सबब पदके क्लॅरीचा पुतण्या क्रेग याने लावावी. वॉशिंग मशिने विकणाऱ्या या क्रेगने वीस वर्षांत चुलत्यास नाताळचे कार्ड धाडिले नव्हते. परंतु रक्त ते रक्त! मग मर्व्ह यांनी पदके रुमालात बांधोन आणिली, टेबलावर ठेविली आणि आम्हांस म्हणाले, "घासून दिलीत. एक फीत सैल आहे, सांग त्याला." आणि आम्ही फर्मानाची नक्कल केली, धिक्कार असो आमचा.

मग पंचवीस एप्रिल उजाडला, आणि दहाचे सुमारास फौज बेकरीसमोर जमली, आणि मर्व्ह मागल्या रांगेत, उजवी छाती मोकळी. इतक्यात क्रेगची स्वारी काळा चष्मा लावून दाखल जाहली, आणि क्लॅरीची चारी पदके डाव्या छातीवर!

परमुलखीचा वाचक म्हणेल, त्यात काय एवढे? अहो, न लढता डावीकडे पदक मिरवणे म्हणजे देवळात जोडे घालून शिरण्याहून वाईट! बँड थांबला. चहाच्या टेबलावरून बेरिलबाई, ज्यांच्या ओटच्या बिस्किटांपुढे तीन अध्यक्ष नमले, त्या ताट टाकून धावल्या.

"काय रे क्रेग्या, कुठल्या लढाईला गेला होतास? वॉशिंग मशिनं विकायच्या?"

"मावशी, मला काय माहीत कुठली बाजू!"

"ऐकलंस नेव्हिल? याला बाजू माहीत नाही, आणि हा म्हणे आप्त! क्लॅरीला शेवटी घास कोण भरवत होतं रे?"

"बेरिल, नियम असतात. फौजेत तसलं कोणी—"

"माझा भाऊ त्यांच्याच तुकडीत होता. सगळ्यांना ठाऊक होतं. तुझ्या मोज्यांपर्यंत बातमी आली नसेल!"

अवघी फौज खो खो हसली. क्रेगने, खरे ते लिहावे, आपण होऊन पदके उतरविली. "घ्या काका, तुम्हीच लावा. खरंच, चुकलं माझं." बेरिलबाईंनी ती घेऊन मर्व्ह यांच्या उजव्या छातीवर लावली.

"ही फीत सैल आहे, मर्व्ह. टाका घालू?"

"राहू दे. त्याची कायम अशीच असायची."

अध्यक्षांनी ऊन चढत असल्याचे कारण दाखवून हरकत मागे घेतली, आणि मर्व्ह पुढल्या रांगेतून पोस्टापर्यंत ताठ चालत गेले. ऐसी फत्ते जाहली. आपल्या पक्षी नुकसान ताटभर बिस्किटे.

मग क्लबात येऊन आम्ही गतसालचे दफ्तर काढिले. जूनच्या पानी आमच्याच हातचे 'मागे स्नेही मर्व्ह टोलहर्स्ट' ऐसे होते. ते खोडिले आणि मर्व्ह यांस पुसले, काय लिहू?

"नवरा लिही. लग्नाला होतास की तू. केकचे दोन तुकडे खाल्लेस."

खाल्ले होते. लिहिले.