श्राव्य कार्यक्षमता

दाखले देणाऱ्या त्या कार्यालयात कामाचं मोजमाप कानाने होत असे. संगणकावर फाईल सेव्ह झाली की टिंग वाजायचं, आणि काचेच्या केबिनमध्ये डोळे मिटून बसलेल्या साहेबांनी ते ऐकलं की त्या टेबलाचं काम झालं असं मानण्यात येई. उठून कुणाच्या टेबलापाशी जाणं साहेबांना कमीपणाचं वाटे.

धाकट्या बाईंना तिथे टंकलेखिका म्हणून लागून वर्ष होत आलं होतं. महिनाअखेरीस त्या कायम होणार होत्या, नाहीतर घरी बसणार होत्या. आणि घरी आधीच नवरा बसलेला होता, कारण त्याच्या कंपनीला टाळं लागलं होतं. बाई मान खाली घालून काम करत. पण त्यांना अर्धशिशीचा त्रास, त्या टिंगटिंगने डोकं नुसतं भणभणायचं. एका दुपारी त्यांनी प्रोग्रामच्या सेटिंग्ज उघडल्या. आजवर कुणीच त्या वाटेला गेलं नव्हतं. आत ‘आवाज’ असं लिहिलं होतं आणि पुढे बरोबरची खूण होती. बाईंनी ती काढली. किती हायसं वाटलं म्हणून सांगू!

त्या आठवड्यात त्यांनी तुंबलेले सगळे दाखले हातावेगळे केले. शनिवारी साहेबांनी बोलावलं.

“बाई, तब्येत बरी आहे ना? आठवडाभर काहीच केलं नाहीत.”

“साहेब, सगळे दाखले तयार आहेत. हा गठ्ठा बघा ना.”

“गठ्ठा दिसतोय हो. पण ऐकू काहीच आलं नाही.”

“आवाज बंद केला होता. डोकं दुखतं म्हणून.”

“म्हणजे काम लपवून करता?” साहेब गंभीर झाले. “हे न करण्याहून वाईट. अशाने कायम कसं करायचं तुम्हाला?”

बाईंनी गठ्ठा उचलला. जागेवर येऊन त्यांनी आवाज पुन्हा सुरू केला, तेव्हा खालची ओळ दिसली : ‘आपोआप सेव्ह करा’. त्यांनी तिथे खूण केली आणि दर एक मिनिटाला असं ठरवून दिलं. मिनिटभरात, कशालाही हात न लावता, टिंग वाजलं. शेजारच्या थोरल्या बाई चष्म्यावरून बघत होत्या.

“काय गं केलंस?”

“काही नाही हो, सेटिंग बदललं.”

“मग माझंही बदल की. टंकून टंकून बोटं वाकली माझी.”

थोरल्या बाईंनी दर अर्ध्या मिनिटाला असं करून घेतलं. ते पाहून रोखपालांनी दहा सेकंद घेतले आणि मग कुणालाच मागे राहणं परवडेना. दर सेव्हला पडदा गोठायचा, त्यामुळे एक नाव टंकायचं म्हटलं तरी नाकी नऊ येत. दाखले निघणं थांबलं. साहेबांनी मात्र ‘श्राव्य कार्यक्षमतेत अभूतपूर्व वाढ’ असा अहवाल वर पाठवला.

महिन्याच्या शेवटच्या दिवसांत एकदा बाईंचं डोकं इतकं चढलं की त्यांना अंथरुणातून उठवेना. कार्यालयातला त्यांचा संगणक आदल्या दिवसापासून चालूच होता. दुसऱ्या दिवशी घाबरत कामावर आल्या, तर साहेब केबिनच्या दारात उभे.

“काल काय काम केलंत हो, बाई!”

“साहेब, मी काल तर...”

“सांगू नका. मी स्वतः ऐकलंय.” आणि त्यांनी कायम केल्याचा आदेश हातात ठेवला.

बाईंनी तो घेतला. आनंद झाला आणि लाजही वाटली. खिडकीबाहेर दाखल्यासाठी माणसं ताटकळत बसली होती. यांच्यापैकी कुणी एक शब्दाने जरी भांडलं, तरी सगळं खरं सांगून टाकायचं, असं मनाशी ठरवून त्या खिडकीपाशी गेल्या.

“अजून वेळ लागेल,” त्या म्हणाल्या.

“लागू द्या हो,” पुढच्या बाकावरचे गृहस्थ समजूतदारपणे हसले. “आत काम जोरात चाललंय. ऐकू येतंय ना आम्हाला.”

सगळ्यांनी माना डोलावल्या. तिसऱ्या बाकावर तुम्ही बसला होता, तुम्हीही डोलावलीत.